कमळांच्या तळ्यावर मी दगड वाहिले

आमच्याकडे जावयाला कोणी वाकडं बोलत नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तर मीठ पुढे करायचं, जास्त आहे म्हणाला तर दुसरी भाजी टाकायची. तो खाटेवर बसला की सासऱ्याने खुर्ची शोधायची. ही रीत मी केलेली नाही, पण जन्मभर पाळली. म्हणून जावयावर सूड उगवायचा झाला तर तो तोंडाने उगवता येत नाही. मी दगडांनी उगवला. हाणले नाहीत हो, फक्त वाहिले. बसा, सांगते.

जावई माझा नव्हे, माझ्या जाऊबाईंचा. जाऊबाई थोरल्या, मी धाकटी. आमची दोन घरं, मधे एकच आंगण आणि कमरेएवढी भिंत, जी बोलणं अडवत नाही. त्यांची मुलगी पवनीला दिली. तिचा नवरा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हुशार आहे, ते मी कबूल करते. हुशार नसता तर मला एवढं लागलं नसतं.

आणि मी कोण? मी बोलणारी बाई. आसगावात कोणालाही विचारा. शाळेत गेले थोडीशी, अक्षरं खरी शिकले ती नाटकांच्या मोठ्या कागदांवरून. आमच्या झाडीपट्टीत हिवाळा लागला की प्रत्येक भिंतीवर नाटकाचा रंगीत कागद चिकटतो. नवरीसारखी नटलेली बाई, डोळे वटारलेला खलनायक, आणि खाली हाताएवढी अक्षरं. भाकरी भाजायच्या आधी मी अक्षरं भाजून खाल्ली, असं आमचे हे म्हणायचे. हे गेले. म्हणजे घरात माझं बोलणं ऐकणारा माणूस गेला, हेही खरं.

मुलगी दूरच्या शहरात दवाखान्यात नर्स आहे. मागे दिवाळीला आली तेव्हा तिने माझ्या फोनवर एक खेळ टाकला. म्हणाली, “आई, यात आपण दोघी रोज भेटू.”

“फोनवर बोलतो तेवढं पुरत नाही का व?”

“फोनवर तू मले फक्त जेवली का विचारते. इथी आपण संगं फिरू.”

खेळ म्हणजे एक अख्खा मुलूख आहे. डोंगर आहेत, जंगल आहे, बाजार आहे, राक्षस आहेत. तिथे दिसणारं प्रत्येक माणूस म्हणजे कुठेतरी फोन घेऊन बसलेलं खरं माणूस. तुम्ही लिहिलं तर ते वाचतात, उत्तर देतात. मुलीने मला एक तरणीताठी बाई करून दिली, कमरेला तलवार, केस गुडघ्यापर्यंत.

मी म्हटलं, “एवढी बारीक कंबर कोणाची असते बाप्पा? ही टोपली कशी उचलंल?”

तिला टोपली उचलायची नव्हती, राक्षस मारायचे होते. मला ते काही जमलं नाही. पहिल्याच दिवशी एका रानडुकराने मला तीनदा आडवं पाडलं आणि मुलगी तिकडे हसून हसून बेजार. शेवटी ती म्हणाली, तू तळ्यावर जा, कमळं तोड. तळ्यात निळी कमळं उगवतात, तोडली की थोड्या वेळाने पुन्हा उगवतात. त्यांचं औषध होतं आणि लढणारे लोक ते विकत घेतात. हे काम मला आवडलं. पाणी, कमळं, काठावर एक चपटा दगड. ड्यूटी संपली की मुलगी यायची, तिची ती चिलखत घातलेली बाई माझ्या बाजूला येऊन बसायची आणि आम्ही गप्पा मारायचो.

मग तिची ड्यूटी बदलली. ती मोकळी व्हायची तेव्हा मी निजलेली. तळ्यावर मी एकटी राहिले. एकटी म्हणजे, मी आणि टोपीवाले.

सहा जण होते. सारख्या हिरव्या टोप्या, सारखे कपडे, सारखी चाल. तळ्याभोवती गोल गोल फिरायचे आणि कमळ उमललं रे उमललं की तोडायचे. मी हात पुढे करेपर्यंत देठ रिकामा. मला राग आला. आमच्या गावच्या तलावात पाणी उतरलं की मासे धरायचा एक दिवस ठरतो. साऱ्यांनी काठावर जमायचं आणि मग एकदम पाण्यात उतरायचं. आधी कोणी जाळं टाकलं तर त्याला पुढच्या साली काठावर उभं करतात. तलाव काही एकट्याच्या बापाचा नसतो. म्हणून मी एका टोपीवाल्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. भांडायचंच होतं, पण भांडणाआधी विचारपूस करायची आपली सवय. मी लिहिलं, “जेवला का बापू?”

तो थांबला. त्याच्या डोक्यावर अक्षरं आली, “हो न जी, तुमी?”

काय सांगू! त्या मुलखात कोण कोण कुठल्या कुठल्या भाषेत काय काय लिहीत असतं, आणि हा आपला निघाला. आपल्या बोलीतला! माझं भांडण तिथेच विरघळलं. मी लिहिलं, जेवली बापू, वांग्याची भाजी होती, तुमी कुठचे? तर तो कमळ तोडायला निघून गेला. मला वाटलं, लाजाळू आहे. गरिबाघरचं लेकरू असेल, कोणाच्या तरी मजुरीवर लागलं असेल. मग मी त्याला रोज विचारायला लागले. रोज तेच, “हो न जी, तुमी?” माझ्या गुडघ्याचं सांगितलं, “हो न जी, तुमी?” म्हणजे याचेही गुडघे दुखतात! मी त्याला निरगुडीचा पाला बांधायला सांगितला.

आता तुम्ही हसाल. हसा. तुमच्या हसण्याचा मला राग नाही, तुम्ही मला फसवलेलं नाही.

काही दिवसांनी तो आणखी बोलायला लागला. एकदा “हो न जी, तुमी?” आणि पुढच्या वेळेस, “मग काय झालं जी?”

ते चार शब्द मला कोणी विचारून किती साल झाली होती! घरी मी एखादी गोष्ट सांगायला घेतली की मुलगा मान हलवत फोनात बघतो, सून ‘हो आई’ म्हणत गॅसकडे जाते. वाईट नाहीत दोघेही, पण गोष्ट अर्ध्यात लटकते. आणि इथे हा विचारत होता, मग काय झालं जी. मी सांगत गेले. लग्नातली फजिती सांगितली, ह्यांचं आजारपण सांगितलं. आणि एक दिवस ते सांगितलं जे ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. की मला नाटकात काम करायचं होतं. गावात नाटक कंपनी आली होती, त्यांची एक बाई आजारी पडली, कोणी पाठ म्हणू शकेल का म्हणून विचारत होते, आणि मी दाराआड उभी राहून तिचं सारं भाषण मनात म्हणत होते. दार मी उघडलं नाही. नवीन लग्न झालेली सून दार उघडून काय सांगणार? मी लिहिलं, “घरात माह्याशी बोलाले कोणी नाही बापू. तूच एक ऐकतं.”

त्याने लिहिलं, “हो न जी, तुमी?”

उन्हाळ्यात जाऊबाईंच्या नातवाचं बारसं झालं. आंगणात मांडव, सारे पाहुणे, साऱ्या बाया. पाळण्यात नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि जावई उभा राहिला, हातात फोन.

“ऐका मंडळी, एक गंमत दाखवतो,” तो म्हणाला. आणि वाचायला लागला. माझ्या आवाजात. मान वाकडी करून, पदर घेतल्यासारखा हात डोक्यावर नेऊन. “जेवला का बापू? निरगुडीचा पाला बांध बापू!”

लोकांना आधी कळलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं. ते सहा टोपीवाले माणसं नव्हतेच. त्याने लिहिलेला प्रोग्राम होता. खेळात जे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं ते हा प्रोग्राम करतो, दिवसरात्र कमळं तोडतो, बाजारात विकतो, आणि जावई दुकानात आरामात बसून असतो. खेळाच्या कंपनीला संशय येऊ नये, टोपीवाला माणूसच वाटावा, म्हणून कोणी काही लिहिलं तर उत्तर द्यायला एक वाक्य शिकवून ठेवलेलं. याला बॉट म्हणतात, हेही त्याने साऱ्यांना शिकवलं.

“आणि काकू त्याच्यासंगं महिनाभर बोलून राहिल्या!” तो म्हणाला. “ते गुडघे अन् ते निरगुडी वाचून मले कळलं का ह्या आपल्या काकू आहेत, मंग म्या अजून एक वाक्य टाकलं. मग काय झालं जी! मंग तं काय, काकूची गाडी थांबतेच कुठी!”

मांडव हसला. आणि मग त्याने नाटकाचं वाचलं. दाराआडचं. आणि मग, “घरात माह्याशी बोलाले कोणी नाही बापू.”

तेव्हा कोणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माझी सून खाली बघत होती. जाऊबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आमी मेलो का व? गावभर सांगत फिरून राहिली, घरात कोणी बोलत नाही म्हणून?”

समोर जावई, पाळण्यात त्याचं लेकरू, हातात घुगऱ्यांची वाटी. मी हसले. तोंडात दाणे होते, तेवढ्यात निभावलं. पण मनात मी त्याच जागी, त्याच मांडवाच्या खांबाला गाठ मारून ठेवली. बेटा, तू मला ठरवून फसवलंस. मशीनने फसवलं असतं तर मी म्हटलं असतं मशीन आहे. ते दुसरं वाक्य तू मुद्दाम टाकलंस. माझ्यासाठी.

पाऊस लागला, रोवणा सुरू झाला. रोवण्यात बाया ओळीने वाकून धानाची रोपं लावतात, आणि बांधीत एक बाई बोलणारी लागते, नाहीतर कंबर दुखते. आसगावात ती बाई मी. गोष्ट मी लावायची, ओळ पुढे सरकायची. त्या साली मी तोंड उघडलं तर बांधाच्या धुऱ्याकडून आवाज, “हो न जी, तुमी?” आणि सारी ओळ चिखलात बसून हसायची. दुसरीकडून, “मग काय झालं जी?” त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे, त्या माझ्याच बाया. पण माझं तोंड मिटलं. अख्खा रोवणा मी मुकी राहिले. घरी येऊन पाय धुताना मला कळलं की दिवसभरात मी एक वाक्य बोललेली नाही. माझ्याजवळ दुसरं होतं काय? शेत मुलाच्या नावावर, घर सुनेच्या हाती, माझी इस्टेट म्हणजे माझं बोलणं. ते जावयाने उचलून नेलं होतं. मला ते परत पाहिजे होतं. तेही त्याच आंगणात, त्याच माणसांपुढे, त्याच्याच हातून.

मुलीला सांगितलं. म्हणाली, “आई, सोड न. नाही तं कंपनीकडे तक्रार कर. बॉट चालवणं बंदी असते. हाकलून देतात.”

तक्रार केली. उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, धन्यवाद. दुसऱ्यांदा केली. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, धन्यवाद. मी ओळखलं, तिथेही टोपीवालाच बसवलेला आहे.

मग मी चपट्या दगडावर बसून नुसती बघत राहिले. कमळ तोडायचं सोडलं. एक दिवस माझ्या झोळीतलं फुटकं मडकं मी खाली टाकलं, कारण ते कामाचं नव्हतं. एक टोपीवाला येत होता. वाकला, मडकं उचललं, झोळीत टाकलं, पुढे गेला. मी दुसरं काहीतरी टाकलं, वाळलेला पाला. तोही उचलला. अरे वा! म्हणजे याला कमळ आणि कचरा एकच. भुईवर पडलेलं दिसलं की घ्यायचं, झोळी भरली की बाजारात जाऊन विकायची आणि परत यायचं. पूर्वी धान चुरायला बैल गोल फिरवायचे, तेव्हा त्यांच्या तोंडाला मुस्कं बांधायचे, नाहीतर बैल पायाखालचं सारं खात सुटायचा. जावईबापूंनी बैल सहा जुंपले, मुस्कं बांधायला विसरले.

खेळातल्या डोंगरात काळे दगड मिळतात. जड असतात आणि बाजारातला दुकानदार ते घेत नाही, म्हणून कोणी ढुंकून बघत नाही. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं. खाणींचा मुलूख. काळा दगड टोपलीत भरून डोक्यावर वाहणाऱ्या बाया बघत मी मोठी झाले. मी माझ्या बारीक कमरेच्या बाईला डोंगरावर नेलं आणि म्हटलं, चल माय, आज कळू दे कंबर कशासाठी असते.

जड सामान घेतलं की ती बाई पळत नाही, रांगल्यासारखी चालते. रान ओलांडायला अख्खी दुपार. पहिल्या खेपेचे दगड मी एकाच टोपीवाल्याच्या वाटेवर ओळीने टाकले. त्याने एकेक उचलला. झोळी भरली. तो बाजारात गेला आणि मी मागोमाग. दुकानदाराने दगड काही घेतले नाहीत. टोपीवाला जागचा हलेना, कारण माल विकल्याशिवाय परत फिरायचं नाही एवढंच त्याला शिकवलेलं. दुकानदार म्हणे, हा माल मी घेत नाही. टोपीवाला पुन्हा पुढे करी. हा माल मी घेत नाही. पुन्हा पुढे करी. मी फोन छातीशी धरून एकटीच हसले. सुनेने आतून विचारलं, काय झालं आई? मी म्हटलं, “काही नाही व, ठसका लागला.”

दुसऱ्या दिवशी तो टोपीवाला परत तळ्यावर. जावयाने झोळी रिकामी केली असणार, काहीतरी बिघाड समजून सोडून दिलं असणार. मग मी थांबले. अवघे सहा एकदम अडवता येतात, पण कधी? घाई केली असती तर त्याने मुस्कं बांधलं असतं.

वेळ जाऊबाईंनीच दिली. भिंतीपलीकडून सांगायला लागल्या, “मंडईले जवाईबापू येऊन राहिले. आपला कारखाना साऱ्या पावण्यांले दाखवनार हायेत म्हने. नव्या टीव्हीवर. ते तळं, ते कमळं, अन् ते टोपीवाले कसे काम करतात ते.”

“छान झालं बाई,” मी म्हटलं. “मले बी पाहाचं हाये.”

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे, साऱ्यांनी घर फुलतं. दिवस ठरला आणि मी दगड साठवायला लागले. तळ्याकाठच्या झुडपामागे ढीग केला. एक दिवस मुलगी अचानक खेळात आली, घोड्यावर. माझी बाई दगडांच्या ओझ्याने रांगत होती.

“आई, हे काय करून राहिली तू?”

“माहेरचा धंदा.”

मग सारं सांगावं लागलं. बारशात नेमकं काय वाचलं तेही, जे मी तिला तोवर सांगितलं नव्हतं. तिने घोडा माझ्या बाजूला आणला. मग अक्षरं आली, “तुले नाटकात काम कराचं होतं? मले कधी सांगतलं नाही.”

“तू विचारलं नाही.”

ती घोड्यावरून उतरली. “दगड याच्यावर लाद,” तिने लिहिलं. “घोडा एका खेपेत चार बायांचं नेतो.”

त्या दिवसापासून ती सोडून द्यायचं बोलली नाही. आईची लेक आहे.

मंडईच्या दिवशी सकाळी जावई पवनीहून मोटरसायकलने निघाला. जाऊबाईंनी भिंतीवरून आवाज दिला, “निघाले हो!” आणि मी चुलीवरचं पातेलं सुनेच्या हवाली करून मागच्या परसात जाऊन बसले. ढीग फोडला. सहाही जणांच्या वाटेवर दगडांची रांगोळी घातली. वाकले, उचलले, वाकले, उचलले. एकेक करून बाजाराकडे चालते झाले, मान खाली घालून, वरातीतल्या बैलांसारखे. तळं रिकामं. मग मी हात धुतले, चांगलं लुगडं नेसले आणि जाऊबाईंच्या आंगणात वडे थापायला गेले. फोन मांडीवर, पदराखाली.

सारं आंगण भरलं होतं. बारशातली सारी माणसं, वर मंडईचे पाहुणे. टीव्ही ओसरीवर मांडलेला. जावयाने फोन जोडला, हात चोळले.

“पाहा मंडळी. मी इथी वडे खाऊन राहिलो अन् तिकडं माहे सहा गडी कामाले लागले आहेत.”

टीव्हीवर तळं आलं. मोठं, निळं. एवढी कमळं मी तिथे कधी पाहिली नव्हती, पाणी दिसत नव्हतं. टोपीवाला एकही नाही.

“गडी कुठी गेले जी?” एका पाहुण्याने विचारलं.

“असतील... बाजारात गेले असतील.” त्याने चित्र बाजाराकडे वळवलं. तिथे सहाही हिरव्या टोप्या, दुकानासमोर एका रांगेत, तोंडं दुकानदाराकडे. हा माल मी घेत नाही. हा माल मी घेत नाही. हा माल मी घेत नाही.

“रेशनच्या लायनीत लागले का बाप्पा?” कोणीतरी म्हणालं. खसखस झाली.

जावयाने एकाची झोळी उघडली. दगड. दुसऱ्याची उघडली. दगड. “नेटवर्कचा प्रॉब्लेम असंल,” तो म्हणाला, आणि कपाळ पुसलं.

मी वड्याचं पीठ लागलेलं बोट लुगड्याला पुसलं. टीव्हीवर कमरेला तलवार लावलेली, गुडघ्यापर्यंत केसांची एक बाई डौलात चालत आली आणि टोपीवाल्यांच्या पुढे उभी राहिली. मुलीने तिला त्या दिवसासाठी लाल शालू घेऊन दिला होता.

तिच्या डोक्यावर अक्षरं आली, “दगड गोड लागले का बापू?”

सहाही जण एकदम बोलले. टीव्ही भरून, एकाखाली एक, “हो न जी, तुमी?”

मग रोवण्यातली एक बाई फस्सकन हसली, आणि लगेच तोंडावर हात.

“तुमच्या मालकाले एका बाईनं फसवलं.”

“मग काय झालं जी?” सहा वेळा.

“तो लय हुशार होता, तरी बुद्धू बनला का?”

“हो न जी, तुमी?”

“मग तो साऱ्या पावण्यांपुढं लाल झाला.”

“मग काय झालं जी?”

आता आंगण थांबवता थांबेना. लोक पोट धरून खाली बसले. आणि साऱ्यांत मोठ्याने कोण हसलं माहीत आहे? जाऊबाई. सख्खी सासू! मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. जावई फोनवर बोटं मारत होता, काही बंद होईना. मग त्याने मान वर केली, आणि आंगणभर फिरून त्याची नजर माझ्या मांडीवर आली. माझा अंगठा अजून फोनवर होता.

“काकू,” तो म्हणाला, “तुमी?”

झालं! तो शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि आंगणाचं बाकी राहिलेलंही कोसळलं.

तो उठला. चपला घातल्या. गाडीकडे गेला. आणि मग साऱ्यांचं हसू एकदम आटलं, कारण मंडईच्या दिवशी जावई उपाशी गेला तर ते घर पुढची कित्येक सालं टोमणे ऐकतं. जाऊबाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, “तूच रुसवला, तूच वाढ.”

मी ताट वाढलं. वडे, मासळीचा रस्सा, भात, वर दोन तळलेल्या सुवाऱ्या. दारात गेले. तो गाडीवर बसून होता, किल्ली लावलेली, पण फिरवलेली नाही. त्यालाही ठाऊक होतं, उपाशी गेलं तर बायको घरात घेणार नाही.

मी साऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या प्रेमाने विचारलं, “जेवता का जवाईबापू?”

त्याचं तोंड उघडलं. ‘हो’पर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. पुढचे शब्द त्याच्याच मशीनचे होते. शेवटी त्याने नुसती मान हलवली आणि ओसरीवर येऊन बसला. मी ताट ठेवलं आणि समोर पाट घेऊन बसले. सोडायचं मनात नव्हतं.

“नाटकाचं तुमी बारशात वाचलं, पन अर्धंच वाचलं,” मी म्हटलं. “मी दाराआड उभी होती इथपर्यंत. त्याच्यापुढं बी हाये.”

तो खाली बघून घास कालवत होता.

मी थांबले. मला थांबायला येतं, हे लोकांना माहीत नाही. भात कालवून कालवून त्याचा लगदा झाला. बाया जवळ सरकल्या. शेवटी त्याने वर न बघता, त्याच्या स्वतःच्या तोंडाने विचारलं, “मग काय झालं काकू?”

मग मी सांगितलं. ती कंपनी, तिची आजारी बाई, तिचं अख्खं भाषण जे मला अजून पाठ आहे, ते उभी राहून म्हटलं, हातवारे करून, ओसरी आणि आंगण दोन्हीकडे ऐकू जाईल असं. मधेच रोवण्यातल्या एकीने विचारलं, मग काय झालं व, आणि कोणी हसलं नाही. जावयाने दोनदा उठायचं बघितलं. दोन्ही वेळा मी त्याच्या ताटात वडा टाकला. जावयाला ताट टाकून उठता येत नाही, तीही आमच्याकडची रीतच आहे.